बॅटऱ्यांच्या कपाटावरचा शिक्का

पोलिसांच्या नोकरीत कोणावर हात न उगारता, कोणाला शिवी न देता आणि एकदाही चोरामागे न धावता हवालदारकीपर्यंत पोचता येतं, हे शिक्केबाईंकडे पाहिल्याशिवाय खरं वाटलं नसतं. त्या चौकीतला मुद्देमाल सांभाळायच्या. चोरीची, मारामारीची, फसवणुकीची जी काही वस्तू पोलीस जप्त करून आणत, ती खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्यांच्या ताब्यात असायची. चौकीच्या मागच्या लांबट खोलीत सायकली होत्या, चाकू होते, एक अख्खी हातगाडी होती, पोपट नसलेला पिंजरा होता आणि एकच बूट होता. त्याचा जोडीदार कोर्टात नेताना हरवला, पण तेव्हा बाई रजेवर होत्या, हे त्या कोणी न विचारताही सांगत. प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, आणि सुतळीच्या गाठीवर लाखेचा लालभडक शिक्का. मेणबत्तीवर लाख वितळवायची, गाठीवर टिपका पाडायचा, पितळी शिक्का दाबायचा आणि मनात देवाचं नाव घेऊन उचलायचा. नाव घेतलं की ठसा फाटत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असे. घरी भाजी चिरतानाही ती वाजे. त्यांचे यजमान शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसलेले. गल्ली त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालती होती. "लग्न माझ्याशी लागलंय," ते गिऱ्हाइकाला सांगत, "पण पदराला गाठ सरकारची. ऐका, वाजतेय."

"तुमच्या मशीनपेक्षा कमीच वाजते," शिक्केबाई आतून म्हणत.

त्या वर्षी सरकारने एकाच भाषणात दोन घोषणा केल्या. पहिली अशी की प्रत्येक वस्तीने आपली वीज आपण तयार करावी, त्यासाठी सामुदायिक ऊर्जा निधीतून सरकार मदत देईल. दुसरी अशी की सगळ्या जिल्ह्यांचे पोलीस मोडून एकच राष्ट्रीय दल होईल, लहान चौक्या बंद होतील, गणवेश बदलेल, आणि लोकांच्या प्रश्नाला उत्तर देणारे पोलीस लोकांना मिळतील. पहिलं ऐकून गल्ली खूश झाली, दुसरं ऐकून चौकी घाबरली. ही दोन्ही वाक्यं एक दिवस चौकीच्या मागच्या बोळात एकमेकांवर येऊन आदळतील, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

चौकीच्या भिंतीला भिंत लावून पाळणाघर होतं. दुसऱ्या पाळीला कारखान्यात जाणाऱ्या बायका मुलांना तिथे सोडून जात. संध्याकाळ झाली की वस्तीतली वीज हटकून जायची आणि पाळणाघर चालवणाऱ्या काकू अंधारात मुलांची डोकी चाचपत बसायच्या. काकू अंगाने भरल्या, आवाजाने त्याहून भरल्या. वीज योजनेचं त्यांनीच मनावर घेतलं. सपाट आणि भक्कम असं छप्पर वस्तीत फक्त चौकीचं. उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या त्यावर बसवायच्या, बॅटऱ्यांचं कपाट चौकीमागच्या बोळात ठेवायचं, आणि भिंतीतून वायर पाळणाघरात न्यायची असं ठरलं.

पण निधी मिळायला वस्तीची संमती लागत होती, आणि सरकारी कागद दिसला की वस्ती दार लावून घ्यायची. मग काकूंनी शिक्केबाईंना बरोबर घेतलं.

"सही नाही केली तर आत टाकाल का?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"आत जागा नाही, आजोबा. सायकली आहेत."

म्हातारा हसला आणि त्याने सही केली. शिक्केबाई दारोदार एकच वाक्य बोलत गेल्या: "मी सांगतेय ना, आलेली वस्तू जाणार नाही." मुद्देमालाच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईचा हा शब्द, लोकांनी तो जसाच्या तसा घेतला.

पाट्या आल्या. जाळीच्या दाराचं लोखंडी कपाट आलं, त्यात बॅटऱ्या मांडल्या गेल्या, कपाटातच मुख्य बटण बसलं. पहिल्या संध्याकाळी वस्ती काळोखात बुडाली आणि पाळणाघर उजळून निघालं, तेव्हा सगळ्यांत लहान मुलगी भोकाड पसरून रडली. उजेडाने घाबरली बिचारी. काकू तिला कडेवर घेऊन हसत सुटल्या.

हे सुख जेमतेम अंगवळणी पडतंय तोवर ऊर्जा निधी फेरविचारासाठी थांबवल्याची बातमी आली. कोण फेरविचार करतंय, कशाचा करतंय, कधी संपेल, यातलं काही बातमीत नव्हतं. पाट्या बसवणाऱ्या ठेकेदाराची उरलेली बिलं अडकली. तो दोन वेळा ऊर्जा खात्यात जाऊन आला. तिसऱ्या वेळी तो खात्यात गेला नाही. भर दुपारी ट्रक घेऊन बोळात आला.

"सरकार देत नाही तर मी माझा माल नेतो," त्याने मजुरांना सांगितलं आणि रीतीप्रमाणे आधी कपाटातलं मुख्य बटण बंद केलं.

काकूंचा आवाज चौकीत पोचला तेव्हा शिक्केबाई एका चाकूला चिठ्ठी बांधत होत्या. त्या बाहेर आल्या. बोळात गर्दी होती, मजूर पाना घेऊन वाकले होते, आणि तो सहीवाला म्हातारा काठीवर रेलून शिक्केबाईंकडे पाहत होता.

त्या क्षणी दुसऱ्या कोणी आरडाओरडा केला असता, कोणी रस्त्यात आडवं पडलं असतं. शिक्केबाईंना एकच काम येत होतं. त्या आत गेल्या आणि सुतळी, लाख, मेणबत्ती, शिक्का घेऊन आल्या. मजुराला म्हणाल्या, "सरक बाबा." जाळीचं दार धाडकन लावलं, कडीतून सुतळी ओवली, गाठ मारली, लाख टपकवली.

"हे काय चाललंय?" ठेकेदार म्हणाला.

"मुद्देमाल आहे. हात लावायचा नाही."

"कसला मुद्देमाल? गुन्हा कुठला?"

"तपास चालू आहे," शिक्केबाई म्हणाल्या आणि शिक्का दाबला. देवाचं नाव घ्यायला त्या विसरल्या, असं पुढे त्यांनीच मास्तरांना सांगितलं. ठसा मात्र सुबक उमटला.

पोलिसांच्या लाखेला ठेकेदार लोक फार भितात. ट्रक रिकामा परत गेला. बोळात टाळ्या पडल्या. काकूंनी शिक्केबाईंना मिठी मारली, तीत किल्ली रुतून दोघी ओरडल्या.

संध्याकाळी वीज गेली. पाळणाघरात अंधार पडला. काकू बोळात येऊन म्हणाल्या, "अहो बाई, लावा की आता."

"काय लावू?"

"बटण!"

शिक्केबाईंनी कपाटाकडे पाहिलं. बटण आत होतं, बंद होतं, आणि बाहेर शिक्का होता.

"अहो, बटण चालू करून मग शिक्का मारायचा ना!" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आता काढा तो आणि परत मारा. तुमचाच आहे."

"मारलेला शिक्का हुकमाशिवाय काढता येत नाही."

"तुम्हीच मारलाय, तुम्हीच काढायचा. त्यात कोणाचा हुकूम?"

शिक्केबाईंचा हात पुढे जात नव्हता. उभ्या नोकरीत तुटलेला शिक्का दिसला की एकच अर्थ त्यांना ठाऊक होता: चोरी झाली. गल्लीतल्या बायकांना हे पटेना. बॅटऱ्या वाचल्या होत्या आणि मेल्यासारख्याही झाल्या होत्या. काकूंनी महिनाअखेरपर्यंत वाट पाहायचं ठरवलं. त्यानंतर संध्याकाळची मुलं घेणं बंद. दुसऱ्या पाळीच्या बायका आता चौकीवरून जाताना खाली मान घालून जात. शिव्या दिल्या असत्या तर शिक्केबाईंना बरं वाटलं असतं.

इकडे ठेकेदार गप्प बसला नव्हता. कायदेमंडळाची एक चौकशी समिती गावोगाव फिरून ऊर्जा निधी आणि पोलीस सुधारणा या दोन्हींचा जाब विचारत होती; त्याने तिथे अर्ज टाकला. समितीला असं प्रकरण हवंच होतं. ज्यात दोन्ही खाती सापडतील असं कपाट देशात बहुधा ते एकच होतं. सुनावणीची तारीख लागली आणि शिक्केबाईंना बोलावणं आलं.

चौकीच्या साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं, दार लोटलं, आणि खुर्ची दिली. साहेबांनी खुर्ची दिली की बातमी वाईट, हे शिक्केबाईंना ठाऊक होतं.

"बाई, राष्ट्रीय दलात घ्यायची छाननी चालू आहे, माहीत आहे ना? कागद स्वच्छ असेल तो आहे त्या पदावर जाईल. डाग असेल त्याचं काय, ते मलाही माहीत नाही. घरी बसवतील, नाहीतर खाली उतरवतील."

"होय, साहेब."

"तेव्हा उद्या सांगायचं, की तोंडी तक्रार आली होती. काकू देतील ना तक्रार? कपाटाला कोणी अनोळखी माणूस झोंबत होता म्हणून. कागद मागाहून करता येतो."

"मागची तारीख घालून?"

"तारीख मी बघतो. तुम्ही फक्त 'तक्रार होती' एवढं म्हणा. चौकीचंही नाक राहील." मग जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "मलाही छाननी आहे, बाई."

साहेब वाईट नव्हते. शिक्केबाईंनाही ते तसे वाटले नाहीत.

घरी मास्तर नवा गणवेश शिवत होते. सरकारने कापड आणि फिती दिल्या होत्या, शिलाई ज्याची त्याने करायची. कापड गर्द निळं, दोराही गर्द निळा. दंडावर हवालदाराच्या फिती त्यांनी आधीच बारीक टाक्यांनी बसवल्या होत्या. शिक्केबाईंनी साहेबांचं बोलणं सांगितलं.

मास्तरांनी मशीनवरून मान वर केली. "मग म्हण की, तक्रार होती."

"नव्हती."

"नव्हती ते मलाही माहीत आहे. मी काय म्हणतोय, या फिती मी फार पक्क्या बसवल्यात. काढायला लावू नकोस. निळ्यावर निळा टाका, या मिणमिणत्या उजेडात दिसतसुद्धा नाही. डोळे जातील माझे."

"तुमच्या डोळ्यांसाठी खोटं बोलू?"

"माझ्या डोळ्यांसाठी नको, भाड्यासाठी बोल," मास्तर म्हणाले. आणि ते मात्र थट्टेत नव्हतं.

कोपऱ्यात सासूबाईंचा जप चालला होता. त्या कोणाच्या अध्यात मध्यात नसत. संसारातून लक्ष काढून त्यांनी ते केव्हाच देवाकडे लावलं होतं, पण कान इकडेच होते. मणी न थांबवता त्यांनी विचारलं, "तिथे शपथ घ्यायला लावतात का?"

"लावतात, आई."

"देवाच्या नावाने?"

"हो."

"मग विचारतेस काय?" म्हातारी म्हणाली आणि पुढचा मणी ओढला.

"आई, तुमचं काय जातं!" मास्तर वैतागले. "तुमचा देव भाडं भरणार आहे का?"

"आजवर तू भरलंस असं वाटतंय होय तुला?"

मास्तरांनी मशीनचं चाक जोरात फिरवलं. त्या घरात वाद असाच संपे.

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे समिती, मध्ये अध्यक्षबाई: पांढरे केस, जाड चष्मा, पुढ्यात पाण्याचा पेला. एका बाजूला ऊर्जा खात्याचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला पोलीस मुख्यालयाचे. मागच्या बाकांवर काकू, ठेकेदार, सहीवाला म्हातारा आणि ज्यांची पाळी नव्हती अशा बायका. मास्तर दुकान बंद करून आले होते आणि दाराशी उभे होते, आत येत नव्हते.

सकाळभर अध्यक्षबाई विचारत होत्या आणि उत्तरं येत होती. निधी का थांबला? फेरविचार चालू आहे. फेरविचार कोण करतंय? वरिष्ठ पातळीवर. वरिष्ठ म्हणजे कोण? तेही ठरवण्याचं काम चालू आहे. पोलिसांना विचारलं, चौकी बंद झाल्यावर वस्तीची तक्रार कोण ऐकणार? नव्या रचनेत त्याची तरतूद असेल. असेल की आहे? असावी. अध्यक्षबाईंनी पेल्यातलं पाणी संपवलं, पुन्हा भरून घेतलं. दोन्ही अधिकारी घामाघूम झाले होते, पण कुठलंच वाक्य त्यांनी कर्त्यासकट बोलून दाखवलं नव्हतं.

मग शिक्केबाईंना उभं केलं. त्यांनी शपथ घेतली. देवाच्या नावाशी त्यांचा आवाज जरा अडखळला.

"या कपाटावर शिक्का कोणत्या गुन्ह्यात मारला?"

साहेब पहिल्या बाकावर बसून आपल्या टोपीच्या आत पाहत होते. शिक्केबाईंच्या डोळ्यांपुढे खोली आली: सायकली, पिंजरा, तो एकटा बूट. प्रत्येकावरची चिठ्ठी कुठून आली, कोणाकडून आली ते सांगणारी. खोटी चिठ्ठी त्यांनी कधी बांधली नव्हती. बांधायची म्हटली तर त्यावर लिहायचं काय, तेच सुचेना.

"कोणत्याच नाही," त्या म्हणाल्या.

"तक्रार कोणाची होती?"

"कोणाची नव्हती."

"हुकूम कोणी दिला?"

"कोणी नाही. मी मारला. मला तो अधिकार नव्हता."

सकाळपासून त्या खोलीत 'मी' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर करून पाहिलं.

"का मारला?"

"नाहीतर बॅटऱ्या नेल्या असत्या, बाई. मी लोकांना सांगितलं होतं, जाणार नाहीत म्हणून."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या की हा शिक्का बेकायदा आहे, तो आजच काढावा, आणि खात्याने या हवालदारांवर नियमाप्रमाणे कारवाई करावी. दाराशी मास्तरांनी डोळे मिटले. ठेकेदार मात्र ताडकन उठला. "म्हणजे माझा माल मी नेऊ शकतो."

"तुमचा?" अध्यक्षबाईंनी समोरचा कागद उलटला. "बिल मागताना तुम्ही लिहून दिलंय की माल सरकारच्या ताब्यात दिला."

"बिलासाठी तसं लिहावंच लागतं."

"म्हणजे माल सरकारचा. तुमचं बिल वेगळं, ते सरकारकडे मागा. आता मला सांगा, सरकार म्हणजे इथे कोण?"

ऊर्जा खात्याचे अधिकारी म्हणाले, "माल बसवून झाला की तो इमारत ज्यांची त्यांचा. म्हणजे पोलिसांचा."

पोलिसांचे अधिकारी म्हणाले, "इमारत राष्ट्रीय दलाकडे जाणार आहे. आमच्याकडे या वस्तूची नोंदच नाही. ती ऊर्जा खात्याचीच."

"ठीक. ज्यांना हा माल तिथून हलवावासा वाटतो, त्यांनी मालक म्हणून इथे सही करावी," अध्यक्षबाईंनी कागद पुढे सरकवला. "मालक सापडला की थांबलेल्या निधीचं मी त्यांनाच विचारीन."

कागद टेबलाच्या मध्यावर पडून राहिला. दोघा अधिकाऱ्यांनी तो असा पाहिला, जणू त्यावर पाल बसली होती. कोणी पुढे झालं नाही.

"ते बटण बंदच ठेवा, असा कोणाचा हुकूम आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तसा हुकूम नाही," ऊर्जा खातं म्हणालं. सबंध दिवसात त्याने दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर.

त्याच संध्याकाळी शिक्केबाईंनी बोळात सगळ्यांदेखत शिक्का काढला. पुष्कळांना वाटलं, त्या तो फोडतील. त्यांनी चाकूने सुतळी अलगद कापली, लाखेचा गोळा रुमालात घेतला, जाळी उघडली आणि बाजूला झाल्या. बटण काकूंनी दाबलं. दोन्ही खात्यांनी समितीला लेखी उत्तर द्यायचं होतं. ते अजून आलेलं नाही. बॅटऱ्या कोणाच्या, हे ठरलेलं नाही. म्हणून त्या आहेत तिथे आहेत.

कारवाई मात्र वेळेवर झाली. सरकारचं कुठलं काम इतक्या तत्परतेने झाल्याचं वस्तीला आठवत नव्हतं. शिक्केबाईंना राष्ट्रीय दलात घेतलं, पण हवालदारकी काढून साधं शिपाई केलं, आणि मुद्देमालाऐवजी मुख्य ठाण्यात टेलिफोनवर बसवलं. खोलीची किल्ली त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती खणात टाकली आणि टोपी पुसायला घेतली. घरी भाजी चिरताना आता काही वाजत नसे, आणि सासूबाई मध्येच जप थांबवून विचारत, "सूनबाई, आहेस ना गं?"

नव्या नोकरीवर जायच्या आदल्या संध्याकाळी घरातली वीज नेहमीप्रमाणे गेली. मास्तरांनी नवा गणवेश घडी करून काखेत मारला, सुया आणि उसवायचं पातं खिशात घातलं आणि ते पाळणाघरात गेले. मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. काकूंनी दिवा त्यांच्या बाजूला वळवला. शिक्केबाई शेजारी बसल्या.

"उसवायला शिवण्यापेक्षा जास्त उजेड लागतो," मास्तर म्हणाले. त्यांनी बाही दिव्याखाली धरली आणि टाका शोधला. निळ्यावरचा निळा दोरा स्वच्छ दिसत होता. "कापडाला खूण राहणार नाही, बघ."

"राहू दे राहिली तर."

सगळ्यांत लहान मुलगी जवळ येऊन उभी राहिली आणि सुटलेल्या फितीचं टोक ओढू लागली. "थांब गं, ठमे," मास्तर म्हणाले. "अजून एक बाजू आहे." आणि त्यांनी बाही उलटी केली.